दुखून राह्यलं ना? मंग बेस!

आंजीच्या शाळेवर बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला काहीतरी चावलं. मनगटावर चट्टा उठला, आग व्हायला लागली आणि मी हात झाडत ओट्यावर आलो. तिथे माझे घरमालक, उगेमुगे आडनावाचे सूर्यभानजी, निंबाची काडी चावत बसले होते. साठीकडे झुकलेला, काटकुळा माणूस. डोक्याला टोपी आणि टोपीखाली कायम कसली तरी काळजी.

“काय झालं, मास्तर?”

“काहीतरी चावलं हो.”

“दुखून राह्यलं का?”

“भयंकर!”

सूर्यभानजींचा चेहरा एकदम उजळला. “मंग बेस!” असं म्हणून त्यांनी काडी फेकली आणि ते माझ्याजवळ सरकले.

भाडेकरूच्या वेदनेने इतका आनंदलेला घरमालक मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही, आणि बदल्यांच्या नोकरीत मी बरेच घरमालक पाहिले आहेत.

त्यांनी मला खाली बसवलं आणि मान न हलवता आढ्याकडे पाहायला लावलं. आढ्याला कोळ्यांची जाळी इतकी लोंबत होती की पाहिल्यावर हात आणखीच खाजायला लागला. मग जीभ बाहेर काढायला लावली. मग खिशातून गुळाचा खडा काढून मला दिला आणि मी तो गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे टक लावून बसले. शेवटी म्हणाले, “आता पूरं नाव सांगा. तुमचं, बापाचं, गावाचं, जिल्ह्याचं. न थांबता.”

मी सांगत गेलो आणि राज्यापाशी अडखळलो. आमचा मुलूख तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला होता. शाळेचे शिक्केसुद्धा अजून बदलले नव्हते. पण मी अडखळलो तसे सूर्यभानजी घाबरले.

“जीभ जड पडली का, मास्तर?”

“नाही हो. राज्य बदललं.”

“असं का? मंग काई नाई. राज्य बदललं त बदललं, ढेकणं त थेच हायेत.”

तरीही सुटका नव्हती. अंगणातल्या निंबाची सावली विहिरीच्या कठड्यावर जाईपर्यंत मला ओट्यावर बसून राहावं लागलं. निजायचं नाही, एकटं राहायचं नाही, गप्प बसायचं नाही. शाळेची घंटा झालेली मी तिथून ऐकली. सावली कठड्याला टेकली तशी त्यांनी पुन्हा एकदा माझ्या पापण्या निरखल्या आणि मुलगा झाल्याची बातमी द्यावी तसं जाहीर केलं, “कोळीच हाय!” ही बातमी त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या दोघातिघांनाही दिली. नव्या मास्तरला कोळी चावल्याचं त्यामुळे गावाला माझ्या नावाआधी कळलं.

गावाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की आमच्या वर्धा जिल्ह्यात दसरा झाला की कापूस घरात येतो. वेचलेला कापूस विकेपर्यंत ठेवायला वेगळी जागा कोणाकडे नसते. तो पुढच्या खोलीत भरतात, मग मधल्या खोलीत, आणि माणसं उरलेल्या जागेत झोपतात. कापसाबरोबर वावरातली सगळी जीवजात घरात येते. त्या दिवसांत सारं गाव खाजवत असतं. सभेत खाजवतं, कीर्तनात खाजवतं. गावचा समज असा की कोळी चावत नाही, अंगावर मुततो, आणि त्यावर आमचूर चोळलं की भागतं. एकट्या सूर्यभानजींना हा समज मान्य नव्हता. कोणी आमचुराचं नाव काढलं की ते म्हणत, “आमचूर वरणात टाका. माणूस मले दाखवा.”

त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते सांगायला त्यांना आमंत्रण लागत नसे.

“ढेकूण चावते थो रांगेनं. एक ठिपका, मंग दुसरा, मंग तिसरा. विंचू चावला त सांगाच लागत नाई, सारं गाव जमते. कोळी एकडाव चावते. घरातला असला त नुसती खाज. कापसातला असला त चट्टा उठते. चट्ट्याच्या मधात काळं पडलं त मंग घरी बसाचं नाई, वर्धेचा दवाखाना गाठाचा. अन् झाडावरचा केसाळ कोळी चावला त पायात गोळे येते, घाम सुटते, मळमळते, पोट लाकडावानी होते, माणूस बोंबलते. त्यालेबी गाडीत टाकाचं. पण बोंबलला त बोंबलू द्याचं. बोंबलणारा माणूस मले आवडते.”

“आणि जो बोंबलत नाही?” मी एकदा विचारलं.

“त्याच्याकडं मी पाह्यतो,” ते म्हणाले आणि विषय बदलून तुरीवर गेले.

ही तपासणी माझ्या शाळेच्या मुळावर आली. तपासायचं म्हणजे गूळ द्यायचा, हे पोरांना माझ्या पाढ्यांपेक्षा लवकर पाठ झालं. दोन्ही हातांनी ढोपर धरून “दुखून राह्यलं, बाबाजी!” असं ओरडत पोरं त्यांच्या ओट्याकडे धावत. तिसरीचा अर्धा वर्ग तिथे आढ्याकडे डोळे लावून बसलेला मी स्वतः पाहिला आहे. मी तक्रार केली की खोटं बोलतात कार्टी, तर सूर्यभानजी शांतपणे म्हणाले, “मले मालूम हाय जी. खोटं बोलून राह्यले, म्हंजे बेस हायेत.” या उत्तरावर शिक्षण खात्याकडे काही उपाय नव्हता.

खरी गर्दी व्हायची ती बाई तपासायची असली म्हणजे. पुरुषाची जीभ पूर्ण नावाने तपासली जायची. बाईने नवऱ्याचं नाव असं सरळ कसं घ्यायचं? म्हणून सूर्यभानजींनी बायांसाठी उखाण्याची सोय केली होती. “उखाण्याले दम लागते, यमक लागते,” ते म्हणत. “जीभ जड पडली त उखाणा जुळतच नाई.” त्यामुळे कापसाच्या दिवसांत त्यांच्या ओट्यावर लग्नघरासारखे उखाणे चालत. बाई आढ्याकडे पाहून, जीभ दाखवून, गूळ गिळून नवऱ्याचं नाव घ्यायची, आणि आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एका म्हाताऱ्या आजींनी तर पन्नास वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ढेकूण चावला म्हणून घेतलं, आणि घरी जाऊन नवऱ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

शेजारच्या मुलीला पाहायला आष्टीहून पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट. नवरा मुलगा पोहे खाता खाता मान खाजवू लागला. सूर्यभानजी बैठकीत होतेच. त्यांनी मुलाला उभं केलं, आढ्याकडे पाहायला लावलं, जीभ काढायला लावली आणि बापाचं पूर्ण नाव विचारलं. मुलाचे वडील समोरच बसले होते. त्यांना वाटलं, इकडे मुलाची पारख करायची हीच रीत असावी. मुलगा तोतरा नाही, तिरळा नाही, हे आपोआप सिद्ध झालं आणि सोयरीक तिथल्या तिथे जमली. सूर्यभानजींना लग्नात मानाचा शेला मिळाला. पण पाहण्याच्या दिवशी निंबाची सावली कठड्यावर जाईपर्यंत नवऱ्या मुलाला त्यांनी सोडलं नव्हतं.

एवढं सगळं असून त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र कोळ्यांचं राज्य होतं. दिवाळीला सारं गाव जाळी-जळमटं काढी. यांच्या घरी केरसुणी छातीच्या वर जात नसे. कोणी जाळ्याला हात लावला की ते कळवळत. “राहू द्या जी. त्याईचं घर हाय.” त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको फार वर्षांपूर्वी वारली एवढंच मला ठाऊक होतं. गावातली जुनी माणसं त्याबद्दल बोलत नसत, आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांपुरताच माणूस होतो.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि कमल आंजीला आली. ती अमरावतीची, चार बहिणींत थोरली, आणि स्वच्छतेच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. आल्या आल्या तिने लांब बांबूला केरसुणी बांधली. सूर्यभानजी दारात आडवे उभे राहिले.

“काकाजी, बाजूला व्हा.”

“बाई, नोको ना. मोठी चांगली जनावरं हायेत थे.”

“मग तुमच्या खोलीत न्या.”

आणि खरोखर, तिने काढलेल्या जाळ्यांतले कोळी त्यांनी पितळी गडव्यात धरून आपल्या खोलीत नेले. दोन्ही पक्षांनी मग आढ्याची वाटणी करून घेतली. आमच्या बाजूला लखलखीत आढं आणि त्यांच्या बाजूला अंधारं रान, मध्ये एक वासा हद्द म्हणून. हद्द ओलांडून आलेला कोळी कमल केरसुणीवर घेऊन त्यांना परत करी. “तुमचा आला होता,” ती म्हणे. “येऊ द्या जी,” ते म्हणत आणि घेऊन जात.

भांडणातूनच त्यांची गट्टी जमली. कमलला पहिल्यांदा कोळी चावला तेव्हा ती स्वतःच ओट्यावर जाऊन बसली, आढ्याकडे पाहिलं, जीभ दाखवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

“वेचला कापूस, भरली ओटी,
दिनकररावांचं नाव घेते गुळाच्या खड्यासाठी!”

सूर्यभानजी इतके हसले की टोपी पडली. तेव्हापासून काही न चावताही ती कधीमधी हा उखाणा घेऊन त्यांच्याकडून गूळ उकळायची.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आमचीही खोली घरमालकाच्या कापसाने भरली. बाज बाहेर काढावी लागली. आम्ही कापसाच्या गंजीशेजारी जमिनीवर अंथरूण घालू लागलो. एका सकाळी कमल उठली आणि म्हणाली, “पायाला काहीतरी चावलंय वाटतं.” पाहिलं तर टाचेच्या वर दोन बारीक ठिपके, सुईच्या टोकाएवढे. सूज नाही, लाली नाही. मी शाळेची तयारी करत होतो. ती हसत ओट्यावर गेली.

“घ्या काकाजी, तुमचा कोळी हद्द ओलांडून आला. काढा गूळ.”

सूर्यभानजींनी सवयीने खिशात हात घातला आणि सवयीनेच विचारलं, “दुखून राह्यलं का?”

“छे! काहीच नाही. पोटात तेवढं जरा ढवळतंय.”

त्यांचा हात खिशातच राहिला. मी आतून केस विंचरत पाहत होतो.

“नाई दुखत? पुन्हा सांग, बाई.”

“नाही हो.”

“वरतं पाह्य.”

कमलने आढ्याकडे पाहिलं. पण तिच्या पापण्या वर गेल्याच नाहीत. तिने मान वर केली. “झोप झाली नाही नीट,” ती म्हणाली.

“गूळ द्या ना,” मी आतून म्हणालो.

“गूळ नोको,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “बाई, उखाणा घे. तुहा थो उखाणा घे.”

“वेचला कापूस,” कमल म्हणाली, “भरली ओटी... दिन... दिनक...” ती थांबली, आणि स्वतःलाच हसू आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला गेली. शब्द ओले होऊन तोंडातच चिकटत होते. मी कंगवा टाकून बाहेर आलो.

सूर्यभानजी उभे राहिले. “मास्तर, हा कोळी नाई.”

दारात जिनिंगचा ट्रक त्यांचाच कापूस भरत होता. आयुष्यात कधी घाई न केलेला हा माणूस धोतर हातात धरून धावला, भरणाऱ्यांना खाली ओढलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, “चाल वर्धेले! कापूस पडला त पडू दे!” अर्धा भरलेला ट्रक तसाच निघाला. मागे रस्ताभर कापूस सांडत होता. केबिनमध्ये मी एका बाजूला, ते एका बाजूला आणि मध्ये कमल. ते तिला झोपू देत नव्हते. “गप नोको राहू, बाई. म्हण. वेचला कापूस, भरली ओटी...” ती म्हणेनाशी झाली तसे ते स्वतःच म्हणू लागले. एका साठीच्या माणसाने माझं नाव उखाण्यात घेत घेत वर्धेपर्यंतचा रस्ता काढला. मी नुसता तिचा हात धरून बसलो होतो आणि मनात येईल त्या देवाला हाक मारत होतो.

डॉक्टरांनी ठिपके पाहिले, पापण्या पाहिल्या आणि “मण्यार” एवढंच म्हणून लस मागवली. मग मला समजावून सांगितलं. हा साप अंथरुणात येतो. त्याचे दात बारीक, चावलेलं दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. मग पोट दुखतं, पापण्या मिटतात, जीभ जडावते आणि शेवटी श्वास थांबतो. वेळेवर आणलंत, ते म्हणाले, पण अजून काही सांगता येत नाही.

आम्ही दोघं व्हरांड्यात बसून राहिलो. आत कमलचा श्वास चालू ठेवण्यासाठी डॉक्टर आणि नर्स झटत होते. दुपार कलली तरी सूर्यभानजी पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मग आपणहून बोलले.

“माह्या घरचीले असंच चावलं होतं. हेच दिवस. कापसापाशी निजली होती. सकाळी म्हणे, पायाले काई चावलं जी. मी म्हणलं, दुखते का? म्हणे, नाई. मी म्हणलं, कोळी असन, पडून राह्य. अन् मी वावरात गेलतो.”

मग फरशीकडे पाहत म्हणाले, “पडून राह्य म्हणलं म्या. थे पडून राह्यली.”

बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. तशी रीत नव्हती, आणि मलाही विचारवेना.

“मग घरात इतके कोळी कशाला ठेवता, सूर्यभानजी?”

“कोळी असलेले बरे, मास्तर. कोनी आलं, चावलं म्हणे, त कोळीच असन अशी आशा राह्यते. घरात कोळीच नसले त मंग काय चावलं म्हणाचं?”

मला तेव्हा रडू फुटलं. ते कमलसाठी होतं की त्यांच्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी खिशातून सकाळचा तो गुळाचा खडा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “खा. तुमचा गळा चालते का, पाह्यतो.”

कमल वाचली. दुसऱ्या दिवशी तिच्या पापण्या उघडल्या आणि पुढे काही दिवसांनी आम्ही तिला घेऊन आंजीला परतलो. बाज आत आली, कापूस बाहेर गेला. सूर्यभानजींच्या ओट्यावरची गंमत गावाला आता गंमत वाटेनाशी झाली. पोरं मात्र गुळासाठी पूर्वीसारखीच खोटं बोलत राहिली, आणि ते पाहून त्यांना पूर्वीसारखाच आनंद होत राहिला.

पुढच्या दिवाळीला कमलने बांबू काढला आणि हद्दीच्या वाशाखाली उभी राहून विचारलं, “काकाजी, यंदा किती ठेवायचे?”

“चार-दोन असू दे, बाई.”

तिने आमच्या बाजूलाही एका कोपऱ्यातलं जाळं तसंच ठेवलं.

त्याच दिवाळीनंतर एका सकाळी सूर्यभानजी ओट्यावर बोट झाडत बसलेले दिसले. करंगळी लाल झाली होती. आजवर त्यांना काही चावलंच नसेल असं नाही. पण चावलं तर पाहणार कोण, म्हणून ते कोणाला सांगतच नसावेत. कमलने हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“काकाजी, दुखून राह्यलं का?”

“दुखून राह्यलं ना, बाई. चांगलं ठणकून राह्यलं.”

“मंग बेस! वरतं पाहा.”

त्यांनी पाहिलं. पापण्या वर गेल्या. जीभ दाखवली. कमलने घरातून आणून दिलेला गूळ त्यांनी गिळला.

“आता नाव घ्या.”

“सूर्यभान वल्द तुकाराम उगेमुगे, मुक्काम आंजी...”

“असं नाही. तुम्ही आम्हा बायांकडून घेता तसं. काकूंचं नाव घ्या. उखाण्यात.”

 सूर्यभानजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, कमलने उगाच छेडलं. पण ते निंबाकडे पाहत हळूहळू म्हणू लागले:

“दाराम्होरं निंब, निंबाची साउली... गिरजाबाईचं नाव घेतो...”

पुढे काही आलं नाही. ओठ हलले, पण शब्द सापडला नाही. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि त्यांच्या तोंडूनही ते किती वर्षांनी निघालं असेल कोण जाणे. उखाणा जुळला नाही. त्यांच्याच शास्त्राप्रमाणे हे वाईट लक्षण होतं, आणि कमलला ते शास्त्र चांगलं ठाऊक होतं.

“जुळत नाई, बाई,” ते म्हणाले.

“जुळलं, काकाजी,” कमल म्हणाली. “कोळीच हाय!”

तरी नियम तो नियम. निंबाची सावली अजून विहिरीच्या कठड्यापासून दूर होती. कमलने सूप जवळ ओढलं, मला शाळेत जायला खुणावलं आणि सावली कठड्याला टेकेपर्यंत ती त्यांच्याशेजारी तूर पाखडत बसून राहिली.